खरा माणूस खरी रिक्षा घेऊन निघतो

वसुधाताईंना कोणी "ओळखलंत का मला?" असं विचारलं की त्या हमखास चुकीचं नाव सांगायच्या. मुद्दाम! "ओळखलं की. तुम्ही गॅसवाले." समोरचा बिचारा हिरमुसायचा, "अहो नाही, मी तुमच्या भाच्याचा मित्र..." असं काहीतरी पुटपुटायचा, आणि ताई गालातल्या गालात हसत उभ्या. तो गेला की मला म्हणायच्या, "अगं, जन्मापासून दिसत नाही म्हणजे मला काय सिद्धी प्राप्त झालीय? सिनेमातल्या आंधळ्यांना पावलांवरून माणूस ओळखता येतो. मला नाही येत. सरळ नाव सांगायला लोकांना काय धाड भरते?"

वसुधाताई साठीच्या. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी टेलिफोन ऑपरेटर म्हणून सगळी नोकरी काढली. कारखान्यात येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्या कानात यायचा आणि मग त्या तो योग्य त्या टेबलावर पाठवायच्या. त्यामुळे फोन उचलल्यावर "हॅलो" नाही, "बोला". आणि बोलणं संपलं की "ठेवते" म्हणून खाडकन बंद. "बरं मग", "चला मग", "या एकदा घरी" असला आपला मराठी निरोपसमारंभ त्यांच्याकडे नव्हताच. "लाईन अडून राहते," म्हणायच्या. मोबाईल येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांची लाईन आपली अडूनच राहायची.

आमचं ऑफिस कॉलेज रोडला, एका मिठाईच्या दुकानाच्या वर. माणसं मोजकी, खुर्च्या त्याहून कमी. म्हातारी माणसं, न दिसणारी माणसं, घरात एकटी असणारी माणसं, यांच्यासाठी आम्ही फोनवरची एक मदतनीस बनवत होतो. तुम्ही तिच्याशी नेहमीसारखं बोलायचं, तिने तुमची कामं करायची. केदारने, म्हणजे आमच्या मालकाने, तिला एक भारदस्त संस्कृत नाव ठेवलं होतं. ताईंनी पहिल्याच दिवशी तिची "ठकू" करून टाकली, आणि आठवड्याभरात केदारसकट सगळं ऑफिस ठकूच म्हणायला लागलं.

केदारने ताईंना बोलावलं ते फक्त ठकू वापरून बघायला. त्या आल्या तेव्हा तो घाईघाईने उठून म्हणाला, "या या ताई, तिकडे बसा ना."

ताई जागच्या हलल्या नाहीत. "कुठे?"

"तिकडे. त्या खुर्चीवर."

"तिकडे म्हणजे तुमच्या तिकडे की माझ्या तिकडे?"

केदार गडबडला. शेवटी त्यांनीच त्याला शिकवलं, "म्हणा, तुमच्या उजव्या हाताला दोन पावलांवर खुर्ची आहे, पाठ भिंतीकडे. आणि हात टेकायला जागा नाही हेही सांगा, नाहीतर मी हात टेकवायला जाईन आणि पडेन." त्या बसल्या, काठी घडी करून मांडीवर ठेवली, आणि म्हणाल्या, "हं. आता ही तुमची ठकू काम कसं करते ते सांगा. आणि मला पढवलेलं सांगू नका, खरं सांगा."

खरं सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं की ठकूला बोलता छान येतं, पण नुसतं बोलून दारात रिक्षा येत नाही. म्हणून आम्ही तिच्या हाताशी काही टूल दिली आहेत. रिक्षा मागवायचं एक, गॅस नोंदवायचं एक, निरोप पाठवायची दोन, घरातले दिवे लावायचं एक, अशी. त्या टूलच्या पोटात काय आहे ते ठकूला दिसत नाही. तिला कळतं ते फक्त टूलचं नाव, आणि त्याखाली आम्ही लिहिलेलं वर्णन. चार ओळींचं. तेवढं वाचून तिने ठरवायचं, की आत्ता कुठलं टूल उचलायचं, की काहीच उचलायचं नाही.

ताई एकदम पुढे सरकल्या. "म्हणजे तिलाही दिसत नाही?"

"नाही म्हणजे... तसंच म्हणा."

"आणि समोर काय आहे ते तिने फक्त तुमच्या सांगण्यावरून समजून घ्यायचं?"

"हो."

"अरे देवा," ताई म्हणाल्या. "आणि सांगणारे तुम्ही!"

आम्ही हसलो, पण आमचं हसू दुपारपर्यंतच टिकलं. ताईंनी सहज गप्पा मारल्यासारखं ठकूला विचारलं, "काय गं, या वेळेला इथे रिक्षा मिळते का?" ठकूने गोड आवाजात हो म्हटलं. थोड्या वेळात खालून हॉर्नवर हॉर्न. मग एक रिक्षावाला तणतणत जिना चढून वर आला. "कोणी बोलावलं? द्वारका चौकापासून रिकामा आलोय मी!" केदार त्याला समजवायला गेला, की या बाईंनी बोलावलं नाही, त्या नुसत्या विचारत होत्या, ते फोननेच आपलं आपण... रिक्षावाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग फोनला बसवा रिक्षात."

ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. रिक्षावाल्याला बसवून चहा पाजला, त्याची घरची चौकशी केली, आणि तो गेल्यावर मला म्हणाल्या, "त्या टूलखाली काय लिहिलंय ते वाच."

मी वाचलं. "रिक्षा मागवते."

"पुढे?"

"एवढंच."

"एवढंच? मग तिची काय चूक? रिक्षा हा शब्द आला, तिच्याकडे रिक्षाचं एकच टूल. तिने उचललं." त्यांनी तिथल्या तिथे नवीन वर्णन सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. त्याची पहिली ओळ अजून माझ्या तोंडात आहे. "हे वापरलं की खरा माणूस खरी रिक्षा घेऊन निघतो." पुढे होतं, की नुसती चौकशी चालली असेल तर वापरू नये. कुठे जायचं ते नक्की कळलं नसेल तर आधी विचारावं. आणि रिक्षा आली की तिचा रंग सांगत बसू नये, ड्रायव्हरचं नाव सांगावं, म्हणजे हाक मारता येईल.

त्यानंतर ठकूने फुकटची रिक्षा कधी बोलावली नाही. आणि वसुधाताई नुसत्या वापरून बघायला आलेल्या, त्या आमच्याकडे वर्णनं लिहायलाच राहिल्या.

त्यांची कामाची रीत मोठी मजेशीर. त्यांचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवायचा, पण इतक्या वेगात की शेजारी बसणाऱ्याला वाटावं भांड्यात चणे उडतायत. टूल हातात आलं की त्या ते बनवणाऱ्याला समोर बसवायच्या आणि तेच ते प्रश्न विचारायच्या. हे काय करतं? हात कधी लावायचा? हात कधी अजिबात लावायचा नाही? आणि लावला की मागे फिरता येतं का? शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांची दातखीळ बसायची. "टेलिफोनच्या बोर्डावर चुकीची वायर काढली की कोणाचं तरी बोलणं अर्ध्यात तुटायचं," त्या सांगायच्या. "तो माणूस मला दिसत नसे, पण असे ना. म्हणून मी आधी विचारते, हे ओढल्यावर कोणाचं काय तुटणार?"

"हे", "ते", "असं", "तिकडे" हे शब्द त्यांच्या टेबलाच्या आसपास बोलायची चोरी होती. एकदा मी म्हटलं, "ताई, ते टूल जरा तसं झालंय." त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तुझ्या या वाक्यात नेमकं काय आहे गं मेघना? मला तर 'ताई' सोडून काहीच सापडलं नाही."

मात्र त्या काही दरवेळी बरोबर नसायच्या, आणि नसल्या की मला बाई फार बरं वाटायचं. केदार म्हणायचा वर्णन आखूड हवं, ताई म्हणायच्या आखूड म्हणजे स्पष्ट नव्हे. एकदा या भांडणाच्या भरात त्यांनी गॅस नोंदवायच्या टूलचं वर्णन पानभर लिहिलं. सिलिंडरवाला कुठल्या वेळी येतो, बेल न वाजवता दार कसं बडवतो, त्याला पाणी विचारलं तर तो कसा खूश होतो, सगळं! झालं काय, की एका आजोबांनी ठकूला सिलिंडर नोंदवायला सांगितलं, तेव्हा तिने सिलिंडर राहिला बाजूला, आजोबांना सिलिंडरवाल्याच्या स्वभावाचीच माहिती दिली. केदारने ते रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. ताईंनी पुन्हा लावायला लावलं आणि म्हणाल्या, "ही ठकू नाही, ही मीच बोलतेय. काढून टाक ते सगळं. माझं मेलीचं तोंड आवरतच नाही."

आता त्यांच्या घरचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच घडली.

इंदिरानगरला एका सोसायटीत पहिल्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. बरोबर मोठी बहीण, सुमनताई. दोघी जन्मभर एकत्र राहिल्या. सुमनताईंच्या लग्नानंतरही, त्यांचे यजमान गेल्यानंतरही. त्यांचा मुलगा प्रशांत बडोद्याला नोकरीला. सुमनताईंचे गुडघे पार गेले, जिना चढवेना, तेव्हा प्रशांत म्हणाला की आईला मी घेऊन जातो, आणि अर्थातच मावशीलाही. ताई म्हणाल्या, "ती येईल. मी नाही."

प्रशांत वाईट मुलगा नव्हे हो. मावशीवर त्याचा जीव. पण जीव असला की माणूस जास्तच भीतो. "एकटी कशी राहशील? काही झालं तर?" हे त्याचं पालुपद. ताईंचं उत्तर ठरलेलं. "बडोद्याला मला संडास कुठे आहे इथपासून सुरुवात करावी लागेल. इथे मला अख्खं इंदिरानगर पाठ आहे. तिथे मी तुझ्या घरात ठेवलेली वस्तू होईन." ते बोलताना त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. मी तेव्हा समोरच होते.

शेवटी तह झाला. दिवाळीपर्यंत ताईंनी एकटं राहून दाखवायचं, सोबतीला ठकू. एक जरी भानगड झाली तर निमूटपणे बॅग भरायची आणि बडोद्याला यायचं. ताईंनी कबूल केलं. त्यांना ते घर हवं होतं, आणि त्या घरात स्वतःच्या मनाप्रमाणे उठाबसायला हवं होतं, बस्स. सगळी पैज त्याचीच होती.

मग ऑफिसात त्यांनी जे लावलं ते विचारू नका. घरात जी जी टूल चालणार होती त्या सगळ्यांची वर्णनं पुन्हा तपासायला घेतली. आणि तरी पहिला फटका बसलाच. निरोपाची दोन टूल होती, एक शेजाऱ्यांना कळवायचं आणि एक घरच्यांना. दोन्हींची वर्णनं जवळजवळ सारखी. ताई ठकूला सहज म्हणाल्या, "आज नळाला पाणी नाही गं आलं." ठकूने तो निरोप पाठवला बडोद्याला. प्रशांत मीटिंगमध्ये. त्याने बाहेर येऊन नाशिकचा प्लंबर शोधून पाठवला, प्लंबर आला तेव्हा पाणी आलेलं, ताई भांडी घासतायत!

"ही भानगड धरायची नाही," ताईंनी प्रशांतला दमच भरला, "ही चूक वर्णनाची आहे, माझी नाही." आणि नवीन लिहिलं. शेजाऱ्यांना कळवायचं ते, जे कोणी पायी येऊन निस्तरू शकेल. घरच्यांना कळवायचं ते, जे शेजाऱ्यांना सांगता येणार नाही. आणि बातमी चांगली असेल तर घरच्यांना नक्की कळवावं, नाहीतर त्यांना फोन म्हणजे संकटच वाटेल. हे शेवटचं वाक्य वाचून मी केदारकडे पाहिलं. त्या संध्याकाळी त्याने आईला फोन केला, एवढं मला माहीत आहे.

सुमनताई बडोद्याला गेल्या. समोरच्या विंगमध्ये, बरोबर ताईंच्या खिडकीसमोर, खैरनार काकू राहायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. प्रेमळ, बोलघेवड्या, आणि घाबरट नंबर एक. ताईंच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. पहिले काही दिवस त्या रोज संध्याकाळी ताईंकडे येऊन बसत, आल्या आल्या स्वतःच दिवा लावत, देवाला हात जोडत आणि मग मालिकांची कथा सांगत. सगळं छान चाललं होतं. मग एका दिवशी काकू माहेरी लग्नाला गेल्या आणि परत यायला त्यांना अंधार झाला.

मला प्रशांतचा फोन आला तेव्हा मी घरी निघाले होते. "मेघना, मावशी दार उघडत नाहीये. काकूंचा फोन होता. प्लीज जा." मी स्कूटर कशी मारली, मुंबई नाक्याचा सिग्नल कसा ओलांडला, मला आठवत नाही.

पोचले तर दार उघडं. काकूंनी किल्लीने उघडलेलं. आत अर्धी सोसायटी मोबाईलचे टॉर्च घेऊन उभी, आणि मधोमध खुर्चीत वसुधाताई, एका हातात कानातून काढलेले हेडफोन, चेहऱ्यावर संपूर्ण आश्चर्य. त्या कादंबरी ऐकत बसल्या होत्या. बेल ऐकू आली नव्हती.

"अहो पण झालं काय ते तर सांगा!" त्या विचारत होत्या.

"काय झालं काय विचारता?" काकूंना रडू फुटायचं बाकी होतं. "तिन्हीसांज टळून गेली, सगळ्यांच्या घरी दिवा, अन् तुमची एकट्याची खिडकी काळी! म्हटलं पडल्या का काय बाई. लय घाबरले मी. एकटीनं किल्ली लावायचा धीर होईना. मंग प्रशांतला फोन केला."

"अंधार होता?" ताईंनी विचारलं.

"हो ना!"

"मग?"

तो "मग?" अगदी खरा होता हो. त्यांना खरंच कळलं नव्हतं. टॉर्च धरून उभे असलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी पुढे होऊन बटण दाबलं आणि खोलीत उजेड झाला.

प्रशांत फोनवरच होता. सगळं ऐकून म्हणाला, "मावशी, आपलं काय ठरलं होतं? हे असं रोज माझ्याच्याने नाही होणार. मी शनिवारी येतो. बॅग भरायला घे."

ताई "बरं" म्हणाल्या. "ठेवते" म्हणाल्या. पण फोन बंद झाल्यावरही तो हातातच धरून बसल्या. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! या बाईंनी काहीही चुकीचं केलं नव्हतं, स्वतःच्या घरात खुर्चीत बसून गोष्ट ऐकत होत्या.

लोक पांगले. काकू आणि मी राहिलो. थोड्या वेळाने ताईंनी ठकूला विचारलं, "काय गं, तुझ्याकडे दिव्याचं टूल आहे ना? का नाही लावलास?"

ठकू म्हणाली, "दिव्याच्या वर्णनात लिहिलं आहे की घरी डोळस पाहुणे असतील तेव्हाच दिवे लावावेत, एरवी गरज नाही. आज पाहुणे नव्हते."

"हे कोणी लिहिलं?" ताईंनी मला विचारलं.

मी सांगायची गरजच नव्हती.

"मीच की," ताई म्हणाल्या. कपाळावर हात मारून घेतला. "मीच! सगळ्या जगाला शिकवत फिरते, काम कोणासाठी ते लिहा म्हणून. आणि मला आपलं वाटलं, दिवा हा आत बसलेल्या माणसासाठी असतो."

आता त्या चिडतील किंवा रडतील असं मला वाटलं. पण त्यांनी मान कलती केली. एखादं नवीन टूल समोर आलं की त्यांची मान अशी व्हायची. "काकू," त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या घरात असता. मी माझ्या घरात. मध्ये एवढं अंगण. माझा दिवा लागला की तुम्हाला तिथून काय दिसतं?"

"दिसतं म्हंजे... खिडकी दिसती. पिवळी."

"पिवळी जाऊ द्या. मी दिसते का?"

"तुम्ही नाय दिसत. पडदा राहतो ना."

"मग काय दिसतं?"

काकूंनी खूप विचार केला. पदराला गाठ मारली, सोडली. "माणूस हाय, असं दिसतं," त्या म्हणाल्या.

"इतकी वर्षं सुमन संध्याकाळ झाली की बटण दाबायची," ताई म्हणाल्या. "मला वाटायचं तिला वाचायला लागतं. आणि तुम्हाला इतकी वर्षं तिथून आम्ही आहोत असं दिसत होतं? आणि तसाच तुमचा दिवा लागला की तुम्ही आहात हे इथून कोणालाही कळतं?" काकू हो म्हणाल्या. "म्हणजे ही सगळी सोसायटी रोज संध्याकाळी एकमेकांना 'आहे, आहे' म्हणते, आणि मला कोणी सांगितलंच नाही!" त्यांच्या आवाजात तक्रार होती, पण त्याहून जास्त नवल होतं. जन्मभर शेजारी चाललेली एक गोष्ट त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळली होती.

मग म्हणाल्या, "मेघना, लिहून घे."

दिव्याच्या टूलचं ते वर्णन असं होतं. "खोलीतला दिवा लावते. हा दिवा वसुधासाठी नाही, तिला त्याचा काही उपयोग नाही. हा समोरच्या लोकांसाठी आहे. तो दिसला की त्यांना कळतं, वसुधा घरी आहे आणि बरी आहे. म्हणून अंधार पडायच्या आधी, ती ज्या खोलीत असेल तिथे लावावा. तिने सांगायची वाट बघू नये, ती विसरेल. लावण्याआधी तिला हाक मारावी. उत्तर आलं नाही तर दिवा लावू नये, लगेच शेजारी कळवावं. ती बाहेर गेली की दिवा बंद करावा आणि समोर तसा निरोप द्यावा."

दुसऱ्या दिवशी केदारने हे वाचलं आणि म्हणाला, "ताई, उलट आहे. लोक बाहेर जाताना मुद्दाम दिवा ठेवून जातात. चोरांसाठी."

"चोरांसाठी कुलूप आहे," ताई म्हणाल्या. "दिवा काकूंसाठी आहे. मी नसताना तो 'आहे' म्हणाला तर खोटं बोलला ना? मग मी असतानाही त्याच्यावर कोण विश्वास ठेवेल?"

केदारने ते वर्णन ठकूत चढवलं.

शनिवारी प्रशांत आला, रिकामी मोठी बॅग घेऊन. गेटपाशी टॅक्सीतून उतरतोय तोच ताईंचा फोन. "वर यायचं नाही. खाली बाकावर बस. मेघना आहे तिथे, काकूही आहेत. माझ्या घराकडे बघ आणि सांग मी काय करतेय. ठेवते."

प्रशांत वैतागून बसला. दिवेलागणीची वेळ झाली होती. बघता बघता पुढच्या खोलीची खिडकी उजळली. "मावशी हॉलमध्ये," तो म्हणाला, "बरं, मग?" जरा वेळाने स्वयंपाकघरात उजेड आला आणि हॉलचा गेला. काकू म्हणाल्या, "चहा ठेवत्यात." पुन्हा हॉल. "कप घेऊन बसल्या." मग न्हाणीघराच्या झरोक्यात उजेड आला आणि आम्ही तिघांनीही माना खाली घातल्या.

प्रशांत पहिल्यांदा हसला. मग पुन्हा वर बघायला लागला. बराच वेळ नुसता बघत होता. त्या खिडक्या एकामागून एक उजळत होत्या, आणि बाई आपली घरभर तिच्या तिच्या कामाला चालली होती, तिच्या तिच्या वेगाने. "मी बडोद्यात बसून रोज कल्पना करतो ना," तो मला म्हणाला, "तर मला ती कायम पडलेलीच दिसते. एकदा पण चहा पिताना नाही दिसत."

वर गेल्यावर त्यांचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो परत गेला तेव्हा त्या मोठ्या बॅगेत सुमनताईंसाठी चिवडा, मनुके आणि त्यांची आवडती उशी होती. ताई इथेच राहिल्या. दिवाळी झाली, तरी बडोद्याचा विषय कोणी काढला नाही.

मी पुढच्या वर्षी दुसरी नोकरी धरून पुण्याला गेले. मध्यंतरी नाशिकला आले होते, तेव्हा संध्याकाळी इंदिरानगरला जाऊन त्यांना गाठायचं ठरवलं. फोन मुद्दाम केला नाही. गेटपाशी पोचले तेव्हा ताईंच्या खिडकीत उजेड होता. मी जिन्याकडे वळणार तेवढ्यात तो गेला. सवयीने मी फोन काढला. पण मिनिटभरात ताई काठी टेकवत खाली आल्या. चांगली साडी, खांद्याला पर्स. दाराशी रिक्षा उभी होती.

"विलासराव?" त्यांनी हाक मारली.

"हां ताई. भेळ खायला ना? तिकडून घेऊ का, त्या रस्त्याने?"

"कुठून म्हणालात?" ताई म्हणाल्या. विलासराव बिचारा नीट सांगायला लागला, कुठला चौक, कुठलं वळण. त्या ऐकून आत बसल्या.

मला राहवलं नाही. रिक्षापाशी जाऊन म्हटलं, "ताई, ओळखलंत का मला?"

"ओळखलं की," त्या म्हणाल्या. "तुम्ही गॅसवाले. सरका आत, भेळ खायची असेल तर."

मी बसले. रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. ताईंची खिडकी काळी होती. समोरच्या गॅलरीत खैरनार काकू वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांनी त्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा दोरीवरचे चिमटे काढायला लागल्या.